‘राहून गेलं’ याचा कर्ता कोण?

४ ऑगस्ट

कॉमन अ‍ॅप म्हणजे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांना एकाच ठिकाणाहून अर्ज पाठवायची ऑनलाइन सोय. ती दरवर्षी १ ऑगस्टला नव्या मोसमासाठी उघडते. अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणारी मुलं त्याच आठवड्यात निबंधाचे विषय वाचतात आणि दुसऱ्या विषयापाशी थबकतात. आव्हान, पीछेहाट किंवा अपयश वाट्याला आलं असा एक प्रसंग सांगा, त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला आणि तुम्ही काय शिकलात ते लिहा, असा तो विषय आहे. मर्यादा ६५० शब्दांची, किमान २५०.

आधी एक भीती काढून टाकायला हवी. सात विषयांतला हा फक्त एक आहे. सातवा तर आपल्या मनाचा कुठलाही घेता येतो. अपयशावर लिहिलंच पाहिजे अशी सक्ती नाही, सांगण्यासारखं अपयश खरोखर गाठीशी असेल तरच या वाटेला जावं. एमबीएच्या अर्जांत मात्र कधीकधी सुटका नसते. इन्सियाड या बिझनेस स्कूलच्या अर्जात कितीतरी वर्षं सर्वांत अभिमान वाटणारी कामगिरी आणि फसलेला प्रसंग एकाच प्रश्नात, सुमारे ४०० शब्दांत विचारला गेला. म्हणजे अपयशाच्या वाट्याला जेमतेम दोनशे शब्द.

वर सांगितलेल्या दुसऱ्या विषयात तीन वेगळे शब्द आहेत आणि बहुतेक मुलं ते एकाच अर्थाचे धरून चालतात. वडिलांची बदली झाली आणि अकरावीत गाव बदलावं लागलं, हे आव्हान. गुडघा दुखावला आणि कबड्डीचा अख्खा मोसम हुकला, ही पीछेहाट. अपयश म्हणायचं तर काहीतरी करायचं मनात धरलेलं असावं लागतं, ते हातून निसटलेलं असावं लागतं आणि त्या निसटण्यात आपलाही हात असावा लागतो. आजोबा गेले हे दुःख आहे. त्यावर सुंदर निबंध होऊ शकतो, पण तो अपयशाचा नव्हे. दुःखाला अपयशाचा पोशाख चढवला की लिहिणारं मूल उगाच स्वतःला दोष देत बसतं, आणि ते वाचवत नाही.

९ ऑगस्ट

निवड करायची तर आधी ढीग हवा. एकच अपयश आठवून त्यावर लिहायला बसणं ही सगळ्यात नेहमीची चूक, कारण पहिल्यांदा आठवतं ते सगळ्यात जास्त वेळा सांगून झालेलं असतं. सांगून सांगून त्याचे कोपरे गुळगुळीत झालेले असतात.

म्हणून कागद आडवा धरायचा, हाताने चार रकाने आखायचे. मोबाइल दुसऱ्या खोलीत. चाळीस मिनिटांत पंधरा प्रसंग, तेही मराठीत किंवा घरात जी भाषा बोलतो तिच्यात. इंग्रजीत यादी केली की पहिल्या ओळीपासूनच भाषण सुरू होतं. पहिल्या रकान्यात काय झालं. दुसऱ्यात मी काय केलं किंवा केलं नाही. तिसऱ्यात त्याची झळ कोणाला बसली. चौथ्यात आज मी काय वेगळं करतो किंवा करते, आणि ते कधी केलं त्याचा महिना.

पहिले पाच-सहा प्रसंग परीक्षेचे आणि स्पर्धांचे येतात. येऊ द्यावेत. खरा माल दहाच्या पुढे सापडतो, जिथे माणूस थोडा ओशाळा होतो: धाकट्या भावाला गणित शिकवायचं कबूल करून तीन आठवड्यांत सोडून दिलं, एकांकिकेच्या तालमीत मैत्रिणीची भूमिका काढून घेताना तिला समोरासमोर न सांगता ग्रुपवर मेसेज टाकला, सोसायटीतला ओला-सुका कचरा वेगळा करायचा उपक्रम दीड महिन्यात बंद पडला. यातलं एकही वर्तमानपत्रात येणार नाही. निबंधाला नेमकं असंच लागतं.

मग चौथा रकाना बघायचा. तो रिकामा असेल तो प्रसंग तिथेच खोडायचा, कितीही नाट्यमय असो. ‘आता मी जास्त जबाबदार झालोय’ असलं काही तिथे लिहिलं असेल, तर तो रकाना रिकामाच धरायचा. बदल निदान दोन वेळा, दोन वेगळ्या ठिकाणी दिसलेला असावा. एकदा दिसला तर तो योगायोगही असू शकतो. तिसऱ्या रकान्यात फक्त ‘मी’ असेल तर प्रसंग बहुधा कच्चा. आपल्या चुकीची किंमत दुसऱ्याने मोजली असेल तिथेच आपल्याला काहीतरी दुरुस्त करावं लागलेलं असतं. पंधरातले तीन उरले तरी पुष्कळ झाले.

१७ ऑगस्ट

काय घेऊ नये, याबद्दल.

जेईई किंवा नीटमध्ये अपेक्षेएवढे गुण न पडणं. मुलांना हे आयुष्यातलं सगळ्यात मोठं अपयश वाटतं, आणि त्या वयात ते असतंही. त्या दुःखाची किंमत कमी लेखू नये. पण निबंधात ते जवळजवळ नेहमी फसतं, आणि का फसतं ते मुलांना नीट समजावून द्यायला हवं. परीक्षेच्या निकालात निर्णयाचा क्षण सापडत नाही. दोन वर्षांचा क्लास, पहाटेचं उठणं, टेस्ट सिरीज आणि शेवटी एक आकडा. मधे कुठे माणूस एका फाट्यावर उभा होता आणि त्याने चुकीची वाट धरली, असं दाखवता येत नाही. मग शेवट एकाच ठिकाणी होतो, मेहनतीचं महत्त्व कळलं. हेच वाक्य त्याच दिवशी कोटामधला आणि लातूरमधला मुलगाही लिहीत असतो. दहावी-बारावीच्या टक्क्यांचंही तेच. आजारपणामुळे गुण घसरले असतील तर ती माहिती अर्जातल्या अतिरिक्त माहितीच्या रकान्यात तीन-चार सरळ वाक्यांत द्यावी. निबंधाची जागा त्यात घालवू नये.

दुसरं, पोशाखी अपयश. ‘मी फार परिपूर्णतावादी आहे’, ‘मला नाही म्हणता येत नाही’. वाचणारी माणसं हा प्रकार पहिल्या चार ओळींत ओळखतात आणि पुढचं सगळं संशयाने वाचतात.

तिसरं, ज्यात खरा खलनायक दुसराच कोणी आहे. गटातला एकजण ऐनवेळी आला नाही, सरांनी परवानगी दिली नाही. हे खरं असेलही, पण मग ते त्यांचं अपयश.

चौथ्या प्रकाराबद्दल जपून बोलायला हवं. मानसिक आजारपण, घरातली मारहाण, स्वतःला इजा करण्याचे विचार, यांतून मूल अजून जात असेल तर तो निबंधाचा विषय नाही. ज्या प्रसंगाबद्दल बोलताना आजही आवाज जातो, त्याला ६५० शब्दांत बसवायची सक्ती मुलावर करू नये. त्याच्या जवळच्या मोठ्या माणसाने आणि समुपदेशकाने आधी मुलाकडे बघावं, अर्ज नंतर. आणि मित्राचं गुपित, बहिणीचं लग्न मोडणं, आईबाबांची भांडणं, हे सांगायचा हक्क आपल्या एकट्याचा नसतो.

२ सप्टेंबर

या वर्षी मराठी मुलांच्या मसुद्यांत पुन्हा तेच दिसतंय, आणि त्याचं मूळ भाषेत आहे असं माझं पक्कं मत होत चाललंय.

आपल्याकडे चूक सांगायच्या ज्या रीती आहेत, त्यात कर्ता अलगद दिसेनासा होतो. ‘माझ्याकडून झालं.’ ‘जमलं नाही.’ ‘लक्षात आलं नाही.’ ‘वेळच मिळाला नाही.’ आणि सगळ्यांत वरचढ, ‘राहून गेलं.’ काय सुंदर क्रियापद आहे! काम आपणहून राहिलं आणि आपणहूनच गेलं, माणूस बाजूला उभा राहून बघत होता. रोजच्या जगण्यात याचा उपयोग आहे, त्याने समोरच्याचा आणि आपलाही मान राहतो. पण मूल याच वळणाने विचार करून इंग्रजीत लिहितं तेव्हा निबंधभर क्रिया होतात आणि करणारा कोणी नसतो.

उपाय सोपा आहे, फक्त करायला जड जातो. मसुद्यातलं अपयशाचं मुख्य वाक्य शोधायचं. ते ‘मी’पासून सुरू करून, सकर्मक क्रियापद घालून पुन्हा लिहायचं. एकांकिकेतल्या मैत्रिणीचा प्रसंग घ्या: ‘तिला समोरासमोर सांगायचं राहून गेलं’ याचं ‘मी तिला समोरासमोर सांगितलं नाही’. मग त्याच्यापुढे ‘कारण’ लिहून वाक्य पुरं करायचं. ‘कारण’ नंतर जे येतं तो निबंधाचा गाभा. ‘मी तिला समोरासमोर सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिने भूमिका सोडायला नकार दिला असता, आणि मला तो वाद नको होता.’ इथे पोहोचल्यावर मुलं गप्प होतात. वाक्य लिहिल्यावर थोडं कसंसंच वाटलं तर निवड बरोबर आहे. काहीच वाटलं नाही तर यादीतल्या दुसऱ्या प्रसंगाकडे वळावं.

६ सप्टेंबर

हे एकदा पूर्ण उदाहरणावर करून बघतो. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला खड्डा खराखुरा आहे.

समजा, कनिष्ठ महाविद्यालयातली एक मुलगी. अकरावीत डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराला दत्तक गावी गेली. तिच्या गटाकडे हातपंपाजवळचा शोषखड्डा होता. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल. तळाला मोठे दगड, त्यावर मध्यम, त्यावर विटांचे तुकडे आणि खडी. सांडपाणी थेट त्यात सोडायचं नसतं. वर एक माठ बसवतात, बुडाला भोकं पाडलेला, आत नारळाचा काथ्या. भांडी घासताना येणारी राख, माती, भाताची शितं, चहाचा चोथा त्या काथ्यात अडकतो आणि खाली फक्त पाणी जातं. दर पंधरा-वीस दिवसांनी काथ्या काढून धुवायचा. माठ नसेल तर तीच राख-माती दगडांच्या फटींत आणि खड्ड्याच्या भिंतींवर साय धरावी तशी बसते, आणि काही महिन्यांत पाणी मुरणं बंद होतं.

जुलैत त्याच गावी झाडं लावायला गेलेल्या पुढच्या तुकडीने फोटो पाठवला. हातपंपाभोवती काळं पाणी साचलेलं.

पहिल्या मसुद्यात ती लिहील: ‘पावसामुळे आणि देखभालीच्या अभावी आमचा प्रकल्प अयशस्वी ठरला.’ दोन्ही कारणं बाहेरची. दुसऱ्या मसुद्यात प्रामाणिकपणा थोडा वाढेल: ‘घाईत माठ बसवायचा राहून गेला.’ तेच ते क्रियापद. तिसऱ्यांदा ‘मी’पासून लिहायला लावलं की असं काहीतरी बाहेर येतं: ‘सहाव्या दिवशी कुंभाराकडचा माठ आला नव्हता. दुपारी चारला सरपंच आणि प्राचार्य फोटोसाठी येणार होते. मी मुलांना वर फरशी टाकायला सांगितली, कारण उघडा खड्डा फोटोत अपुरा दिसला असता.’

यात अपयशाचा आकार केवढासा, एक माठ. पण चार वाजण्याच्या आधीचा तो अर्धा तास बघा. मुलीला माहीत होतं काय करायला हवं, आणि तिने वेगळं केलं. वाचणाऱ्याला ती तिथे उभी दिसते. शिवाय झळ कोणाला बसली तेही दिसतं, कारण त्या पाण्यातून रोज कळशी घेऊन जाणाऱ्या बायका आहेत.

पुढचा अर्धा भाग दुरुस्तीचा. ऑगस्टमधल्या दोन रविवारी चौघीजणी जाऊन फरशी काढतात, दगड उपसून धुतात, खड्ड्याच्या भिंती खरवडतात. आणि या वेळी ती हातपंपावरच्या काकूंना विचारते, भांडी कधी घासता, राख कुठे टाकता, हा माठ तुम्हाला उचलवेल का? उत्तर येतं की उचलवणार नाही, ओला झाल्यावर जड होतो. म्हणून माठाऐवजी कडी असलेली, बुडाला भोकं पाडलेली प्लास्टिकची बादली बसते. डिसेंबरमध्ये असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. शिकणं म्हणतात ते या बादलीत आहे. ‘मला लोकसहभागाचं महत्त्व कळलं’ हे वाक्य मग लागतच नाही, आणि चुकून लिहिलं असेल तर खोडावं.

चौथा रकानाही इथे भरतो: कॉलेजच्या वाचनालयाच्या कामात तिने पहिल्या दिवशी विचारलं, आम्ही गेल्यावर ही पुस्तकं जागेवर कोण लावणार?

२१ सप्टेंबर

शब्दांची वाटणी. नेहमीचा बिघाड असा की ४०० शब्द प्रसंगात जातात, १५० पश्चात्तापात आणि शेवटच्या शंभरात घाईघाईने शहाणपण येतं. उलटं हवं. ६५० मधले साधारण १५० प्रसंग उभा करायला, शंभर-सव्वाशे त्या निर्णयाच्या क्षणाला, सत्तर-ऐंशी परिणामाला आणि उरलेले निम्म्याच्या आसपास नंतर काय केलं त्याला. पश्चात्तापाला वेगळी जागा नकोच. दगड धुतले यात तो आलाच.

मराठीतून इंग्रजीत नेताना मजकूर फुगतो. ‘गावकऱ्यांनाही’ या एका शब्दाला तिकडे तीन-चार शब्द लागतात. त्यात शोषखड्डा, दत्तक गाव, सरपंच हे तिकडच्या वाचकाला एकेका अर्ध्या वाक्यात सांगावं लागतं. म्हणून मराठी कच्चा मसुदा ४५० शब्दांच्या आत ठेवावा. समजावून सांगायचे शब्द तीनपेक्षा जास्त होऊ लागले तर प्रसंगातला तपशील कमी करावा, निर्णयाच्या क्षणातला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्जात आठांपैकी चार प्रश्न निवडायचे आणि प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तर द्यायचं. तिथे हाच निबंध कापून चिकटवू नये. निर्णय आणि दुरुस्ती एवढंच ठेवून नव्याने लिहावा.

सुरुवात सुविचाराने नको, शब्दकोशातल्या व्याख्येने तर नकोच. ‘माठ आला नव्हता’ ही चांगली सुरुवात आहे.

५ ऑक्टोबर

एमएससाठी जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा, आणि तो या दिवसांत हटकून येतो: इंजिनिअरिंगला केटी लागली होती (विषय राहिला होता), किंवा वायडी गेला होता (वर्ष वाया गेलं होतं), त्यावर एसओपी, म्हणजे अर्जासोबतचं ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, लिहू का? नाही. एसओपी हे पुढे कोणतं काम करायचंय त्याचं निवेदन असतं. गुणपत्रिकेवर जे दिसतंच आहे ते दोन-तीन वाक्यांत, मध्यावर कुठेतरी सांगून टाकावं: कोणत्या सत्रात, किती विषय, का, आणि नंतरच्या सत्रांत त्याच धाटणीच्या विषयांत किती गुण मिळाले. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. गणित-३ राहिलं असेल आणि नंतर मशीन लर्निंगमध्ये उत्तम श्रेणी असेल तर ती जोडी शेजारी शेजारी ठेवावी. कारणाचं वर्णन लांबलं की ती सबब वाटू लागते.

घरच्यांचाही विचार करावा लागतो. ‘अर्जात कोणी आपलीच लाज सांगतं का’ हा आईवडिलांचा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. आपल्याकडे अर्ज म्हणजे प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. त्यांना वाद घालून पटत नाही. मसुद्यातला दुरुस्तीचा भाग आधी वाचून दाखवावा, चूक नंतर. बहुतेक घरांत तेवढ्याने ताण उतरतो. तरीही आईबाबांपैकी कोणाला एखादा तपशील नको असेल, तर तो काढावा. त्या तपशिलाशी त्यांचंही नाव जोडलेलं असतं.

शिफारसपत्र देणाऱ्या शिक्षकांनाही विषय कळवावा. निबंधात मुलगी म्हणते खड्डा बंद पडला, आणि सरांच्या पत्रात तोच प्रकल्प ‘अत्यंत यशस्वी’ म्हणून आला, तर वाचणारा कोणावर विश्वास ठेवील? दोन मिनिटांच्या बोलण्याने हे टळतं. मुलाखत असेल तर त्याच प्रसंगावर आणखी तीन प्रश्नांची उत्तरं तयार असावीत, पाठ केलेली नव्हे, आठवलेली. बादली केवढ्याला आली, हेसुद्धा.

२७ ऑक्टोबर

लवकर (अर्ली) अर्ज करणाऱ्यांच्या १ नोव्हेंबरच्या मुदतीला चार-पाच दिवस उरले. कॉमन अ‍ॅपवर मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११.५९ ला संपते. अमेरिकेत अजून १ तारीखच आहे म्हणून इथे २ तारखेच्या सकाळपर्यंत वेळ आहे असं धरून बसलेल्यांचे अर्ज अडकतात. आदल्या दिवशी भरून मोकळं व्हावं. निबंध चिकटवल्यावर पूर्वदृश्यात परिच्छेद तुटले नाहीत ना आणि शेवटची ओळ पूर्ण आहे ना, ते वाचून बघावं.

त्याआधी तीन गोष्टी करून घ्याव्यात. शेवटचा परिच्छेद झाकून निबंध मोठ्याने वाचायचा. त्याच्याशिवाय निबंध पूर्ण वाटला तर तो परिच्छेद काढून टाकायचा. दहातले सात तरी काढावे लागतात. मग सगळ्या क्रियापदांखाली पेन्सिलने रेघ मारायची आणि प्रत्येकाचा कर्ता विचारायचा. जिथे उत्तर मिळत नाही तिथे ‘राहून गेलं’ इंग्रजी कपड्यात लपलेलं असतं.

आणि जमलं तर ज्याला झळ बसली त्या माणसाला गोष्ट सांगायची, त्याच्या भाषेत, निबंध म्हणून नव्हे. हातपंपावरच्या काकू ऐकून घेतील आणि बहुधा एवढंच विचारतील, मग आता बादली धुतंय कोण? निबंधात याचं उत्तर नसेल तर अजून चार दिवस आहेत.